सुभाषच्या लिव्हरबद्दल डॉक्टर काय म्हणाले होते

वत्सलाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “भावजी, ह्यांनी डोळे मिटले,” एवढंच ती म्हणाली. एका गालावर साबण तसाच वाळलेला, अशा अवतारात मी धाकट्या भावाच्या दारात जाऊन उभा राहिलो... सुभाष असता तर म्हणाला असता, “दादा, निम्मी दाढी उधारीवर ठेवली काय?”

सुभाष चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्तर होता. मोर, कमळ, वेलबुट्टी, काय हवं ते कागदाच्या चौकटींवर उतरवायचा. मोहोळकडून आम्ही दोघं भाऊ सोलापुरात आलो, तेव्हा एकाच चादरीखाली झोपायचो. निवृत्तीनंतर त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो लिव्हरमध्ये गेल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, लिव्हरचा मोठा भाग काढला. काही आठवड्यांनी, केमो सुरू व्हायच्या आधी, तपासणी झाली. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, “घरातलं मोठं कोण आहे? त्यांनी आत यावं.” आमच्याकडे हीच रीत. जे काही असेल ते थोरल्याला सांगायचं. पेशंटनं आणि त्याच्या बायकोनं बाकावर बसायचं. मी आत गेलो.

डॉक्टर म्हणाले, “लिव्हर छान वाढलंय. पण एक लक्षात ठेवा. लिव्हर वाढावं म्हणून शरीर जे इशारे देतं, त्यांनीच कुठं उरलेल्या कॅन्सरच्या पेशीही जाग्या होऊ शकतात. होतीलच असं नाही. म्हणून केमो चुकवू नका आणि स्कॅनला वेळेवर या.”

बाहेर आलो. सुभाष बाकावरून उठला. “काय म्हणाले, दादा?”

“लिव्हर परत वाढलं,” मी म्हणालो.

“आपल्या परसातल्या शेवग्यागत झालं की माझं! तोडला की लई जोमानं फुटतो!” तो इतक्या मोठ्यानं हसला की नर्सनं वळून बघितलं. त्या हसण्यापुढं उरलेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. घरी जाऊन सांगू म्हटलं. घरी पेढे आले होते.

पेढे घेऊन आले होते आमचे आतेभाऊ, अप्पा. आडनाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. भावकीत लग्न जुळवायचं तर अप्पा, भांडण मिटवायचं तर अप्पा. पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, “लिव्हर नवं आलं म्हणजे माणूस नवा झाला. आता ते केमोचं विष कशाला घालताय अंगात?” वत्सला हळूच म्हणाली, “पण डॉक्टरांनी...” अप्पांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही. “तू डॉक्टरीण झालीस व्हय?” मग माझ्याकडं वळले. “दादा, तुमी सांगा. डॉक्टर तुमच्याशी बोललेत.” सगळे माझ्याकडं बघत होते. सुभाषसुद्धा. मी म्हणालो, “बघू पुढं.”

त्या दोन शब्दांवर केमो राहिली. स्कॅनही लांबला. अप्पांचा काढा सुरू झाला. पुढच्या स्कॅनमध्ये लिव्हरभर गाठी दिसल्या.

तेराव्याच्या पंगतीत अप्पा चार लोकांना ऐकू जाईल असं बोलले, “हिनंच खाऊ घालून मारलं त्याला. रोज अंडी, मटणाचं अळणी पाणी. लिव्हर वाढवायला गेली आणि रोग वाढवला.” कुठूनतरी अर्धवट ऐकलेलं त्यांनी तिच्या माथी मारलं. वत्सला आमटीचं भांडं घेऊन तिथंच उभी होती. भांडं खाली ठेवून ती आत गेली, ती त्या दिवशी परत कुणासमोर आलीच नाही. आणि मी? मी भात कालवत होतो.

नंतर डॉक्टरांना भेटलो. विचारलं, खाण्यानं झालं का? ते जरा चिडलेच. “कापल्यावर लिव्हर आपोआप वाढतं हो. बाईंनी नीट खाऊ घातलं म्हणून जखम तरी भरली. केमो घेतली असती तर ते वाचले असते, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण ती संधी तुम्ही घेतली नाही.”

तेव्हा नोंद करून ठेवतो. संधी घालवली ती अप्पांच्या मिजाशीनं आणि माझ्या गप्प बसण्यानं. वत्सलानं नाही. अप्पा, पेपरची ही पुरवणी तुम्ही दर रविवारी सुनांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवता. आजही दाखवा. एक ओळ गाळू नका. मला माफी नको, तुम्हालाही मिळू नये अशी माझी इच्छा आहे. या वयात माणसानं मऊ व्हावं म्हणतात. मी होणार नाही.

हा लेख द्यायच्या आधी वत्सलाला वाचून दाखवला. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “अळणी करशील? मला खायचंय.” ती म्हणाली, “तेराव्यापासून अळणीचं पातेलं चुलीवर चढवलं नाही, भावजी.” मग उठली. तासाभरानं तिनं माझ्यापुढं सुभाषचं स्टीलचं ताट ठेवलं. काठावर त्याचं नाव कोरलेलं, घासून घासून पुसट झालेलं. वाटीत गरम अळणी... मी पहिला घोट घेतला. समोर बसून ती म्हणाली, “तुमी सांगितलं असतं तर मी त्यांना ओढत नेलं असतं केमोला.”

मी मान वर केली नाही. वाटी संपवली. तिनं न विचारता परत भरली.