पुंजारामाची पारख

पुंजारामाला अळंबीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावातली चांगली शहाणीसुरती माणसं सात-आठ वर्षं पाट्या डोक्यावर घेऊन त्याच्या ओट्यापुढं उभी राहत होती.

त्याची कीर्ती रझाकारांच्या धामधुमीतली. त्या दिवसांत गावातले बरेच जण रानोमाळ पांगले होते. पोलीस ॲक्शननंतर सगळे परतले, त्यात हाही परतला आणि पारावर बसून सांगू लागला, की महिनाभर गोदावरीकाठच्या काटवनात नुसत्या अळंबीवर काढला. कुठली खायची, कुठली सोडायची, ते तिथं जिवावर उदार होऊन शिकलो. प्रत्यक्षात हा गडी शहागडला बहिणीच्या घरात उतरंडीमागं दडून दोन्ही वेळ भाकरी हाणत होता. बहिणीनंच पुढं ते बोलून दाखवलं. पण तोवर याचं बस्तान बसलं होतं, आणि असल्या बस्तानापुढं खरं बोलणाऱ्याला आमच्याकडे कोण विचारतो?

श्रावणात मटण बंद, म्हणून गावाचा सगळा जीव अळंबीवर. बायका पहाटेच माळावरच्या वारुळांकडे जायच्या. वारुळावरची अळंबी खायची, उकिरड्यावरची आणि कुजक्या लाकडावरची कुत्र्याची छत्री समजून सोडायची, एवढं त्यांना आईच्या मागं फिरून पाठ झालेलं. म्हणजे पाटीत यायची ती चांगलीच यायची. तरी पुंजारामाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवायची नाही, असा रिवाज पडला. वारूळ ओळखणाऱ्या बायांनी उतरंड ओळखणाऱ्याला विचारायचं, हे आमच्या गावाला शोभूनच दिसलं.

पारखायची रीत मोठी ऐटीची होती. अळंबी उन्हाकडे धरायची, नाक लावायचं, मग सदरा वर करून पोटावरच्या चांदीच्या करदोड्याला घासायची. चांदी काळी पडली की इखारी, म्हणजे विषारी. काळी पडली की नाही हे पाहायला पुंजारामाच्या पोटाशी कोण वाकणार! भुजंगराव पाटलाच्या घरची पाटी आली की चांदी लखलखीत. रांडमुंड बाईची किंवा सालगड्याची पाटी आली, आणि माल ताजा असला, की चांदी लगेच काळी.

"इखारी हाये. ठिव हितंच," तो म्हणायचा. "उकिरड्यावर टाकशील तं वासरू तोंड घालंल. म्या पुरतो बराबर."

आणि पुरायचा तो पोटात. दार लावून घ्यायचा, अंगणात कडुलिंबाचा ओला पाला पेटवायचा, का तर म्हणे विषाचा वास घरात बसू नये. त्या धुरात लसणाची फोडणी दडून जायची. द्वारकाबाई, म्हणजे त्याची बायको, तीळकूट आणि काळा मसाला घालून असं कालवण करायची, की भाकरी मोजायचं भान राहू नये. तो आधी जेवायचा. हिच्या वाट्याला पातेलं पुसायला उरायचं. ती कुणाला काही बोलली नाही, म्हणून पुढं हे कळल्यावर मला तिचाही राग आला.

माझी चुलती गोजरबाई हे त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक. नवरा पटकीच्या साथीत गेलेला, पदरात तीन पोरं. दर श्रावणात तिची निम्मी पाटी तरी इखारी निघायची. ती रिकामी पाटी घेऊन घरी यायची आणि पोरांना सांगायची, भाऊजींनी वाचवलं आपल्याला.

छप्पन साली श्रावण कोरडा गेला. वारुळं सुकली. पोरं रोज विचारायची, म्हणून गोजरबाई एकदा पडक्या खळ्याकडून मोठ्या पांढऱ्या छत्र्या घेऊन आली. तिच्या मनात पाल चुकचुकत होती. पुंजारामाच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या ओट्यावर खरोखर विचारायला आलं होतं.

"भाऊजी, ही वारुळावरची न्हाई. जरा बराबर बघा, लेकरं खानार हायेत."

पुंजारामानं पाहिलं ते फक्त आकारमान. एकेक छत्री भाकरीएवढी. करदोड्याला नीट न घासताच तो म्हणाला, "इखारी हाये. ठिव." जन्मात एकदा माणूस खरं बोलला, तेही त्याला ठाऊक नव्हतं.

त्या सांजेला त्याला पाटलाकडे पुरणावरणाचं जेवण होतं. जाताना त्यानं नुसती चव घेतली. द्वारकाबाईला लग्नानंतर पहिल्यांदा ते कालवण पोटभर मिळालं.

तो ढेकर देत परतला तेव्हा ती अंगणात आडवी पडली होती. उलट्या थांबेनात, पोटात मुरडा, हातपाय गार. शेजारी धावले. तिला अंबडच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि गाडीबैल होते पाटलाकडे. पाटलानं विचारलं, "खाल्लं काय हिनं?"

"भाकर अन् ताक," पुंजाराम म्हणाला.

"मंग ही पटकी तं न्हाई?"

नाही म्हणायला जीभ जड झाली त्याची. "आसंल बी," तो म्हणाला.

झालं. अंगण रिकामं झालं. बायकांनी पोरं काखोटीला मारली आणि मळ्यांची वाट धरली. पाटील म्हणाला, पटकीच्या माणसाला माझी गाडी मिळायची न्हाई. अळंबी हा एक शब्द तोंडातून काढला असता तर बैल तिथल्या तिथं जुंपले असते. पण बायको गेली तर दुसरी मिळते, गेलेली अब्रू मिळत नाही, असा त्या नादानाचा हिशेब. तो भिंतीला टेकून बसला.

आली ती गोजरबाई. पटकीनं तिचं जे न्यायचं ते नेलं होतं, आता तिला कसली भीती! तिनं मिठाचं पाणी केलं, द्वारकाबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "बाई, खरं सांग. काय खाल्लं?"

द्वारकाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवून नको नको करत होता. ती बांधावर थांबलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुह्या पाटीतली अळंबी. हे पुरत न्हाईत, आमी खातो."

पटकी नाही हे कळताच पाटलाची गाडी आली. वाटेत गोजरबाई तिला पाणी पाजत बसली. द्वारकाबाई वाचली.

बरी होऊन ती घरी आली, तेव्हा गोजरबाई भेटायला गेली. मीही सोबत होतो. पुंजाराम दारात बसला होता, रस्त्यानं जाणारे-येणारे मान वळवून पाहत होते. इतके दिवस दवाखान्यात उशाशी बसूनही जे विचारलं नव्हतं, ते गोजरबाईनं आता विचारलं.

"मंग बाई, मागल्या सालची? त्याच्या आदल्या सालची? ती समदी चांगली व्हती?"

द्वारकाबाई रडायला लागली. "चांगली व्हती गं. लई गोड व्हती."

पोरांना दर श्रावणात दिलेली कोरडी भाकर गोजरबाईच्या डोळ्यांपुढं आली असावी. तिचा चेहरा मला पाहवेना.

पुंजारामानं रस्त्याकडे पाहिलं आणि बायकोला दटावलं, "हळू बोल. लोकं ऐकून राह्यले."