गोल न करणाऱ्या माणसाला भेटायला अल ऐनला

ईराने फुटबॉल सोडला, हे आम्हाला तिच्याकडून नाही, शाळेच्या कोचकडून कळलं. मोठ्या मॅचमध्ये तिचा पाय लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला, मैत्रिणींनी तो व्हिडिओ ग्रुपवर फिरवला, आणि आमची तेरा वर्षांची डिफेंडर दोन आठवडे मैदानाकडे फिरकली नाही. त्यातच कळलं, की तिचा लाडका जपानी डिफेंडर हायाशिदा, जो निवृत्तीनंतर मुलांना शिकवत देशोदेशी फिरतो, शनिवारी अल ऐनला येतोय. प्रवेश फुकट. मी तिला न विचारताच नाव नोंदवून टाकलं.

शारजातल्या अल नहदातून सकाळी सहाला निघायचं होतं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! माझ्या नवऱ्याला, महेशला, गाडीची चावी सापडेना. ईरा बूट घ्यायला तयार नाही.

"व्हॉट्स द पॉइंट, आई?"

"तिथे गेल्यावर बघू. यल्ला, बस गाडीत!" बूट मीच पिशवीत कोंबले.

शनिवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. दीड-पावणेदोन तास धरा. वाटेत पेट्रोलपंपाशी करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा घ्याच. "दोन दिरहॅम, म्हणजे पन्नास रुपये," महेशने सवयीने हिशेब केला आणि दोन कप प्यायला.

मैदानावर रांग पाहून मी थक्क झाले. उभ्या कारकिर्दीत मोजून चार गोल केलेल्या माणसासाठी एवढी गर्दी! पुढचा मल्याळी तरुण मित्राला सांगत होता, "भाई, ये खेलता था ना, तो अपना गोलकीपर चाय पी सकता था."

ईराने बूट घातले, पण नाराजीनेच. आमची पाळी आली आणि महेश मागून कुजबुजला, "पाया पड गं, मोठे आहेत." पोरगी गोंधळून वाकली. हायाशिदांना वाटलं, ती बूट दाखवतेय. ते चक्क खाली बसले, तिचा पाय उचलून बुटाचा तळ निरखू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खूप झिजलाय," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "तू मागे धावत येतेस. डिफेंडर?"

"आय स्कोर्ड अ‍ॅन ओन गोल," ईरा एका दमात बोलून गेली.

ते मोठ्याने हसले. "मी दोन केले! लोक अजून मोबाईलवर दाखवतात मला. पण मी तिथे पोचलो, म्हणून बॉल मला लागला. जो पोचलाच नाही, त्याला कोण हसणार?"

मग तासभर ती त्यांच्या मागे मागे धावत होती. दुपारी आम्ही खजुराच्या बागेत सावलीत बसून डबा खाल्ला. आत फिरायला पैसे लागत नाहीत. टोपी मात्र न्या.

सही घ्यायची राहिली, फोटो हलला. तिने पुन्हा खेळावं, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, आणि परतताना ती नुसती झोपली. मी मनातून खट्टू झाले.

काल तिची मॅच होती, मला ऑफिस. घामाने निथळत घरी आली.

"जिंकलात?"

"ड्रॉ. झिरो-झिरो."

"आणि तुझ्या बाजूला काय झालं?"

"नथिंग, आई!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. "अख्खी मॅच, लिटरली नथिंग!"