सरपण उचललेलं जंगल

फोनवर दत्ताचं नाव दिसलं, म्हणून मी नेहमीसारखं ‘बोला, वनमंत्री’ म्हणालो. पलीकडून त्याची आई बोलत होती. “दत्ता गेला रे,” एवढंच म्हणाली, आणि मग तिनंच मला धीर दिला... माझं ते पहिलं वाक्य तिनं ऐकलं की नाही, हे विचारायचं धाडस मला दीड महिन्यात झालेलं नाही.

दत्ता शिरवण्याचा. नेरूळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी तिथंच शिकवायला लागलो आणि तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे गोदामांचे आराखडे काढायला लागला. अठरा वर्षं तेच केलं. मग चाळिशी उलटल्यावर एके दिवशी नोकरी सोडली आणि व्हिडिओ गेमसाठी जंगलं बांधायला घेतली. “जंगल बांधतात?” मी विचारलं. “गोदामासारखंच रे. फक्त छप्पर गळलं तर कोण तक्रार करत नाय.”

कॉम्प्युटरवरचं असलं जंगल बहुतेक तयार मालातून उभं राहतं. खोडं, पानं, दगड, शेवाळ, गळलेल्या फांद्या. परदेशातल्या कुठल्या तरी रानात हिंडून, फोटो काढून कुणी तरी ते सगळं संचानं विकायला ठेवलेलं असतं. दत्ता त्यातली तीन झाडं घ्यायचा, एक फिरवायचा, एक वाकवायचा, एक खुजं करायचा, आणि बघता बघता डोंगर भरायचा. मला तो जुळी झाडं शोधायला बसवायचा. ती मला कधीच सापडली नाहीत. सापडली असं मी दोनदा खोटं सांगितलं. दोन्ही वेळा तो नुसता हसला.

मग त्याला पहिलं मोठं काम मिळालं. खेळ साधा होता : डोंगरातलं एक गाव, भोवती रान, आणि हरवलेल्या माणसानं दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं. हे काम टिकलं तर दत्ताचं नोकरी सोडणं शहाणपणाचं ठरणार होतं. हुकलं तर कळंबोलीचा व्यापारी त्याची खुर्ची रिकामी ठेवून होताच, आणि तसं दर दिवाळीला कळवतही होता.

रान तयार झालं तेव्हा त्यानं मला दाखवायला बोलावलं. गावाच्या वेशीपर्यंत शेवाळलेल्या फांद्यांचा खच होता. मला ते फारच खरं वाटलं. मागे बसलेल्या त्याच्या आईनं मान वर केली.

“यो रान कुटला?”

“आपलाच समज, आये.”

“आपला?” ती उठून पडद्याजवळ आली. “गावाच्या कडंला येवरा सरपन परलाय आनि कुनी उचलला नाय? बायका मेल्या का काय या गावातल्या?”

मी हसलो. दत्ता हसला नाही. त्यानं वही घेतली आणि आईला विचारत बसला. ती सांगत गेली. लग्न होऊन आली तेव्हा ती रोज डोंगरावर सरपणाला जायची. गावाजवळ काडी मिळत नसे. झाडांच्या खालच्या फांद्या कोयता पोचेल तिथवर तोडलेल्या असत. पहिली सुकी काटकी दिसायला बरंच चढावं लागे, आणि आडवी खोडं अगदी वर, कारण ती कुणाला वाहून आणता येत नाहीत... दत्तानं सगळं रान पुन्हा केलं. आता जमीन जितकी साफ, तितकं गाव जवळ.

कंपनीचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. त्यांच्या पदाचं नाव वाचेपर्यंत त्यांचं बोलून झालं होतं. “सर, गावाजवळ जमीन रिकामी दिसतेय. अनफिनिश्ड. एवढा भारी पॅक घेतलाय, फांद्या वापरा ना.”

“वापरल्यात,” दत्ता म्हणाला. “चुलीत.”

साहेबांना विनोद चालत नसावा. शुक्रवारपर्यंत जमीन भरा, नाही तर काम दुसऱ्याला देतो, असं त्यांनी कळवलं. मी, सावध मास्तर, म्हणालो, “टाक ना चार काटक्या. कोण बघतंय?” “आई बघेल,” दत्ता म्हणाला. शुक्रवारी त्यानं काटकी टाकली नाही. उलट कळवलं, की खेळात पडद्यावर वाट दाखवणारा बाण असतो तो काढा आणि तुमच्याच ऑफिसातली दहा माणसं रानात सोडा. बहुतेक जण गावाला पोचले. कसे पोचलात, याचं उत्तर एकालाही देता आलं नाही. जे हरवले त्यांत साहेब स्वतः होते, असं दत्ता सांगायचा. मी ते पडताळून पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. काम टिकलं. कळंबोलीची खुर्ची व्यापाऱ्याच्या भाच्याला मिळाली.

शोकसभेच्या फलकावर त्याला ‘डिजिटल वृक्षमित्र’ केलं होतं. एका वक्त्यानं त्यानं लाखो झाडं लावल्याचं सांगितलं. माझ्या माहितीत त्यानं एकच लावलं होतं, कुंडीत, कढीपत्त्याचं. तेही जगलं नाही. त्याला जे येत होतं ते याहून अवघड होतं, पण फलकावर मावणारं नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात त्याच्या आईनं मला बोलावून घेतलं. “त्याचा रान दाव मना.” मी कॉम्प्युटर लावला. मला तो खेळ धड चालवता येत नाही, दर दगडाला धडकत होतो. “वर चल,” ती म्हणत राहिली, “अजून वर.” आडव्या खोडांपर्यंत पोचलो. तिथं एका वळणाआड कमरेएवढा दगड होता आणि त्यावर एक बांधलेली मोळी उभी करून ठेवली होती. खेळात तिचा काही उपयोग नव्हता. कुठल्या संचात मिळण्यातलीही ती नव्हती, एकेक काटकी जुळवून त्यानंच केली असणार. मला त्यानं ती कधी दाखवली नव्हती.

ती खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

“उचलू लागायला कुनी नसला ना, की मी अशीच ठेवाची. दगराव. मंग खाली वाकाचा, डोका लावाचा नि उठाचा.” मग म्हणाली, “ह्यो मी त्याला कवा सांगितला नव्हता.”

“पुढे जाऊ का, मावशी?”

“नको. जरा बसू दे.”