मेलेल्या मालकाचा नोकर

"आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघायचं," असं म्हणत ते कुठल्याही नव्या खोलीच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबायचे. मीटिंग रूम असो की कँटीन. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याला सगळे सर्किट म्हणतात आणि आपला ड्राफ्ट मात्र त्याच्याकडूनच तपासून घेतात.

दिल्लीत आमच्या सरकारी कार्यालयात ते शेजारच्या टेबलावर बसायचे. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. माझे बाबा नागपूरला हमाली करायचे. हे मी सगळ्यांना सांगते, त्यांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी "ग्रॅज्युएट मॅडम" झाले. त्यांचं स्वतःचं कॉलेज अर्धवट राहिलं होतं. वडील नोकरीत असतानाच वारले, त्यांच्या जागी हे एकोणिसाव्या वर्षी लागले. त्यामुळे लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर हातचं गेलं नाही, आई तिथेच राहिली.

इंग्रजी मात्र त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भयकथा रद्दीतून आणून वाचायचे आणि त्यांवरून मराठीत रॉक गाणी लिहायचे. दर शनिवारी गाझियाबादला ड्रमरच्या गच्चीवरच्या खोलीत, भिंतींना जुन्या रजया ठोकून, सराव चालायचा. ड्रमर आणि गिटारवाला दोघंही हिंदीवाले. त्यांना शब्द कळत नसत, ताल कळायचा. मी एकदा गेले होते. सेक्शनमध्ये कानात सांगितल्यासारखं बोलणारा हा माणूस तिथे असा ओरडला, की खालच्या घरातल्या बाईंनी पाणी पाठवलं.

"भुताला काय घाबरायचं, मॅडम? भीती घराची वाटते. माणूस आत जातो आणि तिथलाच होतो."

त्यांचं तिसरं गाणं अशाच एका घराचं. मालक मेलाय, पण नोकराला कुणी मोकळं केलेलं नाही. तो रोज बूट पुसतो, अंथरूण घालतो.

मग बँडला पाच शहरांचा दौरा मिळाला. दीड महिन्याची रजा हवी होती आणि बाहेर गाण्याची परवानगी. त्यांनी चार ओळींचा अर्ज लिहिला. मी तो हातातून काढून घेतला.

"कामाचं स्वरूप लिहावं लागतं. सगळी गाणी जोडा, हिंदी अनुवादासकट. नाहीतर फाईल परत येईल."

"कशाला, यार?"

"मी सांगते ना."

अनुवाद मीच केला. चांगला केला. परिशिष्ट एक ते सात.

फाईल वर गेली आणि तिथेच बसली. तीन आठवड्यांनी शेरा आला: परिशिष्ट तीनमधील मृत मालक म्हणजे नेमके कोण, याचा खुलासा करावा.

सेक्शन दोन दिवस हसत होतं. "लिख दो, मालिक यानी बड़े साहब," समोरचे शर्माजी म्हणाले. यांनी खुलासा लिहिला, 'मालक काल्पनिक आहे,' आणि मला हळूच म्हणाले, "नोकराचं विचारलं नाही, बरं झालं."

मग आणखी एक शेरा आला. निघायचा दिवस आठवड्यावर आला तेव्हा मी म्हणाले, "सोडा ना नोकरी. तुम्हाला कुठेही काम मिळेल."

"तुम्हाला नोकरी डिग्रीवर मिळाली. मला वडिलांवर मिळाली. ती कशी सोडायची?" थोड्या वेळाने म्हणाले, "आणि क्वार्टर गेलं तर आई कुठे जाईल? तिला दिल्लीत ती एकच गल्ली माहीत आहे."

बँड दुसरा गायक घेऊन गेला. बँड परत आल्यावर अकराव्या दिवशी परवानगी आली. यांनी त्यावर 'मिळाले' लिहून तारीख घातली. त्यानंतर शनिवारी ते गाझियाबादला गेले नाहीत. पुढे त्यांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. मी चार-पाचदा भेटायला जायचं ठरवलं. गेले नाही.

मागच्या महिन्यात सेक्शनच्या फोनवर ड्रमरचा कॉल आला.

"दीदी, वो हमारा फ़ोन नहीं उठाते. तीसरा वाला गाना हमारा सबसे हिट है. लोग मतलब पूछते हैं. वो नौकर आख़िर में निकल जाता है ना?"

शेवटचं कडवं मला पाठ होतं. सगळं सेक्शन ऐकत होतं.

"नहीं भैया," मी म्हणाले. "शाम हो गई है. वो चाय बनाता है. दो कप."



"उसी अंतरे पर तो हम सबको नचाते हैं, दीदी."