पाचव्या दिवसाचा ताप

परदेशातून डॉक्टरी शिकून आले होते, पण इथल्या परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते. हडपसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर जुने प्रश्न सोडवायचे. उत्तर बरोबर आलं तरी जीव थाऱ्यावर नसायचा.

एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या भाभी थर्मामीटर मागायला आल्या. कडेवर तीन वर्षांची लेक होती. पाच दिवस झाले, औषध देऊनही ताप हटत नव्हता. पोरीचे डोळे लालबुंद होते, पण चिपडं नव्हती. ओठ फुटलेले, जीभ लाल, हातपाय सुजलेले. असाच प्रश्न मी सकाळी सोडवला होता. कावासाकी नावाचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका. की वाचलेलंच मला सगळीकडे दिसत होतं?

"भाभी, हिला आजच मोठ्या दवाखान्यात न्या."

"आमचे डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. आणि तुमची तर परीक्षा..." त्या थांबल्या.

"नापास झालेय. तरी चला, मी येते."

रिक्षात मी मनातल्या मनात गोवर, स्कार्लेट ताप, एकेक पडताळत होते. बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलीला नीट तपासलं आणि मला विचारलं, "आपण कोण?"

"शेजारीण," मी म्हणाले.

त्यांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. आजार तोच निघाला, हृदय मात्र शाबूत होतं. आठवड्याने पोरगी घरी आली आणि जिन्यात धावू लागली. भाभी सगळ्यांना माझं कौतुक सांगत होत्या. माझ्या मनात मात्र एवढंच येत होतं, मी गप्प बसले असते तर?