लिफ्टमध्ये पाहिलेला स्कोअर

मी कॉपी केली. पाच वर्षं.

आणि ज्या माणसाला फसवलं, तो आज सकाळी गेला.

अनंत वेलणकर. इथे सिंगापुरात, आमच्या मरीन परेडच्या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर मुलीकडे राहायचे. जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनियर, म्हणून सगळ्यांचे ‘चीफ’. मी नवव्या मजल्यावर, मुलाकडे. तीस वर्षं पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणायचे.

कॉपी करणारी मुलगी सापडली की मी तिला वर्गाबाहेर उभी करत असे. माझ्या काही विद्यार्थिनी हे वाचतील. वाचा.

चीफ तरुणपणी परीक्षेसाठी ग्लासगोत वर्षभर राहिले होते. घरमालकाने त्यांना एका शनिवारी फुटबॉल मॅचला नेलं, आणि हा चिपळूणचा माणूस जन्मभरासाठी स्कॉटलंडचा झाला. दुसरी कुठली टीम मिळाली नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

“बाई, जिंकणाऱ्यांना काय, कुणीही सपोर्ट करतं.”

स्कॉटलंडची मॅच आमच्याकडे पहाटे असते. चीफ ती रेकॉर्ड करून सकाळी आठला बघायचे. तोवर स्कोअर कुणी सांगायचा नाही, हा घरचा कायदा. येणाऱ्याने फोन दारातल्या स्टीलच्या डब्यात टाकायचा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी पोहे खाता खाता म्हटलं, “बॉल सारखा मागे का देतायत? पुढे माणूस मोकळा आहे.”

चीफ हसले. “बाई, हे हॉकी नव्हे.”

मी शाळेच्या टीममध्ये चार वर्षं लेफ्ट हाफ होते. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या मॅचला जाताना नवव्यापासून बाराव्यापर्यंत लिफ्टमध्ये मी स्कोअर पाहिला. गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला, सगळं. मग फोन डब्यात टाकला आणि साळसूदपणे बसले.

“त्या बेंचवरच्या उंच पोराला आणा. गोल करेल,” मी म्हटलं.

त्याने केला. चीफ खुर्चीतून उठलेच.

एकदाच करायचं होतं. खरंच. पण कौतुक कुणाला नको असतं?

दर मॅचला मी लिफ्टमध्ये फोन काढत राहिले.

आमचा खरा वाद डिफेन्सवर होता. स्कॉटलंडकडे चांगले लेफ्ट-बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू, दोन, आणि उजवीकडे दुष्काळ. चीफ म्हणायचे, मागे तिघे ठेवा म्हणजे दोघेही खेळतील. मी म्हणायचे, चौघे ठेवा आणि एकाला बसवा. एका माणसाच्या सोयीसाठी सगळं घर हलवायचं नसतं. आणि स्ट्रायकर शोधा, सगळे गोल मिडफिल्डरनीच करायचे का?

वाद चांगला होता. मी तो प्रामाणिकपणे घालायला हवा होता. पण टीम हरलीय हे मला आधीच ठाऊक असायचं. पहिल्या मिनिटापासून मी “बघा हं, हे महागात पडणार” म्हणत बसायचे, आणि ते पडायचंच.

हळूहळू चीफ मत मांडेनासे झाले. नुसत्या आवाजावरून इंजिनचं दुखणं ओळखणारा माणूस मला विचारू लागला, “बाई, तुम्हाला काय वाटतं?”

मग डेन्मार्कची मॅच आली. जिंकले तर वर्ल्डकपमध्ये प्रवेश, तोही अठ्ठावीस वर्षांनी.

मी लिफ्टमध्ये पाहिलं. चार-दोन. जिंकलेत.

तेव्हा तरी गप्प बसायचं होतं.

सुरुवातीलाच आपल्या माणसाने हवेत पाठीवर आडवं होत डोक्यावरून किक मारली. गोल. चीफनी सईला, म्हणजे मुलीला, हाका मारल्या. मग डेन्मार्कने बरोबरी केली. त्यांचा एक माणूस रेड कार्डने बाहेर गेला. आपण पुढे, पुन्हा बरोबरी. दोन-दोन. वेळ संपत आलेली. चीफ खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. हार्टचा माणूस.

“बाई, सांगा हो. काय होणार?”

मी म्हटलं, “जिंकणार. काळजी करू नका.”

चीफ निवांत मागे टेकून बसले.

इंज्युरी टाइममध्ये तिसरा गोल झाला तेव्हा चीफनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून हात जोडले.

आणि मी, निर्लज्ज बाई, वर म्हटलं, “अजून एक आहे.”

चौथा गोल थेट मध्यरेषेवरून मारलेला. असा गोल बघून मेलेला माणूसही उठून बसेल. चीफनी फक्त मान हलवली.

“बाई म्हणाल्याच होत्या.”

इतकी वर्षं वाट पाहिलेला क्षण, आणि तो त्यांना शिळा मिळाला. माझ्यामुळे.

परवा मी त्यांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “वर्ल्डकपमध्ये पुढे जातील ना, बाई?”

स्कॉटलंडने आजवर कधीही पहिली फेरी ओलांडलेली नाही. मला काही ठाऊक नव्हतं. खरं सांगायची ती शेवटची वेळ होती.

मी म्हटलं, “जाणार.”

चीफ नर्सला म्हणाले, “This lady is never wrong.”

ती हसली. “Wah, Aunty, then give me 4D number lah!”

लॉटरीचा नंबर मागत होती. मीही हसले. हसता आलं मला.

आज सई रडत म्हणाली, “मावशी, रविवारी प्रार्थनेला बाबांच्या फुटबॉलबद्दल तुम्हीच बोला. बाबा म्हणायचे, गेम बघायला बाईंनी शिकवलं.”

मी तिला “हो” म्हटलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसले. रविवारी सगळ्यांसमोर हेच वाचणार आहे. सई, त्याआधी तू वाच. मला येऊ नका म्हणालीस तर तेही बरोबर असेल.

चीफ, गेम तुम्हाला कळत होता. मला फक्त स्कोअर माहीत असायचा.

हे तुम्ही असताना बोलायला हवं होतं. माफ करा.

तुम्हाला माझा नमस्कार.