एक कान मैदानावर

कू मिरान समालोचनाला बसली की हेडफोन एकाच कानावर ठेवायची. दुसरा कान मैदानासाठी मोकळा. शेजारच्या प्यो ग्युमोला सुरुवातीला हा आगाऊपणा वाटला होता. कोरियातल्या छुनछॉन शहराच्या रेडिओवर बास्केटबॉल सांगता सांगता त्याचे केस पिकले होते, आणि ही कालची खेळाडू त्याला बूट ऐकायला शिकवत होती.

"माणूस दुखणं लपवतो, प्योदादा. बूट लपवत नाही," ती म्हणायची.

ही विद्या तिला फुकट मिळालेली नव्हती. संघात सर्वांत धाकटी होती तेव्हा साऱ्या तायांचे बूट वाहणं, पुसणं तिच्याकडे असे. तळवा उलटा केला की कोण कुठला पाय वाचवतंय ते तिला कळे. पुढे बारा वर्षं ती व्यावसायिक संघात खेळली. शेवटच्या सामन्यात गुडघा ठणकत असताना प्रशिक्षक बांग सर म्हणाले, "दोन मिनिटं काढ." ती "हो सर" म्हणाली आणि गुडघा कायमचा गेला. तरी तिच्या तोंडून सरांबद्दल वावगा शब्द प्योने कधी ऐकला नव्हता.

त्या दुपारी अंतिम सामना होता. बरोबरी, एक मिनिट बाकी, आणि बांग सरांची सारी भिस्त एकोणीस वर्षांच्या सोदामवर. ती उडी मारून खाली आली. प्योला काही वेगळं दिसलं नाही. मिरानचा चेहरा मात्र उतरला.

"डावाच बूट वाजला," ती माईकवर म्हणाली. प्योने टेबलाखालून तिला पाय मारला. गुरूची चूक चारचौघांत काढत नाहीत, रेडिओवर तर नाहीच नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "सोदामचा उजवा गुडघा जातोय. बांग सर, तिला बाहेर घ्या. आत्ता."

पहिल्या रांगेतले म्हातारे कानाला रेडिओ लावूनच सामना बघत. एकजण उठला. "अहो बांग, ऐकलंत का? पोरीला बसवा की!"

सरांनी मान वर करून समालोचकांच्या टेबलाकडे पाहिलं. प्योने जवाचा चहा खाली ठेवला. मग सरांनी सोदामला बाहेर बोलावलं, आणि सामना एका गुणाने गेला.

मिरान सामान आवरू लागली. "उद्यापासून दुसरं माणूस शोधा, दादा."

"किंबाप तरी खाऊन जा," भाताच्या गुंडाळ्यांचा डबा पुढे करत प्यो म्हणाला. जन्मभर बोलण्यावर जगलेला माणूस, पण या बाईच्या धाडसापुढे तो थक्क झाला होता. दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात जिन्यावरून बांग सर आले. साठी उलटलेली, आणि खांद्यावर बुटांची भली मोठी पिशवी, स्वतः वाहून आणलेली. मिरान उठून कमरेत वाकली.

"डॉक्टर म्हणाले, सोदाम थोडक्यात वाचली," सर म्हणाले. "तुझ्या वेळी का नाही बोललीस?"

"तेव्हा मी तुमची खेळाडू होते, सर."

 त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. संघाचे बाराही जोड माईकभोवती पसरले.

"बघून सांग," ते म्हणाले. "अजून कोण लपवतंय?"

मिरानने पुन्हा खुर्चीत बसून पहिला बूट उलटा केला. प्योने टेबलावरचा दिवा तिच्याकडे सरकवला.